खिंडीतला नायब

सारी-बेल चौकी, ३ सप्टेंबर

चि. बुरुल हिला,

हे पत्र मारातच्या टॅक्सीतून येतंय. सोबत लोण्याचा डबा आणि सुकवलेल्या दह्याच्या कुरूत गोळ्यांची पिशवी आहे. डबा कालिमानने पाठवलाय, मी नाही. तेव्हा भाऊ विरघळला असा अर्थ त्यातून काढू नकोस. तुझी वहिनी कुणालाही लोणी पाठवते.

फोन करत नाही, कारण फोनवर आपण दोघंही आईसारखे ओरडतो आणि शेवटी काय ठरलं ते दोघांनाही आठवत नाही. तुझ्या आयझादाच्या लग्नाला दोन वर्षं झाली, तेव्हापासून आपण बोललो नाही. त्यात माझं काही अडलं नाही. तुझंही अडलं नसणार, बिश्केकमध्ये बोलायला माणसं पुष्कळ आहेत. कामाचं तेवढं लिहितो.

ओसमोन नवीन वर्षाला निवृत्त होतोय. खिंडीतला बर्फ काढायच्या या चौकीची मुकादमाची जागा रिकामी होईल. मी इथे नायब मुकादम म्हणून लागलो तेव्हा माझे केस काळे होते. त्यानंतर पाच मुकादम झाले. एकाला दारूने नेलं, एकाला बढतीने, एकाला त्याच्या सासऱ्याने शहरात ओढून नेलं, एक थंडीला कंटाळून स्वतःच पळाला. ओसमोन तेवढा धड निवृत्तीपर्यंत टिकला. प्रत्येक वेळी जागा रिकामी झाली की दोन महिने मी मुकादमाचं काम करायचं, मग खालून कुणीतरी नवा यायचा आणि मी त्याला चुलीत कोळसा कसा घालायचा ते दाखवायचं. माझी निवृत्ती आता फार लांब नाही. यंदा नाही तर कधीच नाही.

म्हणून परवा जिल्ह्याच्या गावी रस्ते खात्यात कुबात साहेबांकडे गेलो. माणूस वाईट नाही. चहा मागवला, गुडघ्याची चौकशी केली. मी म्हटलं, “साहेब, यंदा माझा विचार व्हावा.”

ते म्हणाले, “दादा, विचार काय, करून टाकतो. पण तुम्हाला मुकादम केलं तर सोमवारी आम्ही हसायचं कशावर?”

खोलीतले सगळे हसले. दारातला शिपाई हसला. मीही हसलो. आता सवयच झाली आहे.

बुरुल, हे तुझ्या मालिकेतल्या एशिममुळे. खिंडीतल्या चौकीवरचा नायब मुकादम, ज्याला जन्मात बढती मिळत नाही आणि ज्याच्यावर सोमवारी संध्याकाळी रेडिओजवळ बसून अख्खा देश हसतो. गाय माझी, गुडघा माझा, बायकोची बोलणी माझी, फक्त नाव तू बदललंस. कुबात साहेबांना मी समोर दिसतच नाही. त्यांना एशिम दिसतो, आणि एशिम वर गेला तर गंमत संपते.

मागणं एकच आहे. नवीन वर्षाच्या आत एशिमला मुकादम कर. रेडिओवर झालं की जिल्ह्यातही होईल. इथल्या लोकांचा माझ्यापेक्षा तुझ्या रेडिओवर विश्वास जास्त आहे.

मी ती मालिका ऐकत नाही, हे तुला माहीत आहे. चौकीवर रेडिओ चालू असतो, त्याला माझा इलाज नाही.

झुमादिल


सारी-बेल चौकी, ६ ऑक्टोबर

बुरुल,

तुझं पत्र मारातने दिलं. चहाची पुडी आणि गुडघ्याचं मलमही पोचलं. मलम लावलं. बरं आहे.

तू लिहितेस, “दादा, एशिम वर जात नाही म्हणून तर लोकांना तो आवडतो. तो मुकादम झाला की मालिका बसलीच.” पुढे लिहितेस, “आणि तुझ्या बढतीशी माझ्या गोष्टीचा काय संबंध?”

संबंध विचारतेस म्हणून सांगतो. पूर्वी मी एक वाक्य बोलायचो, आठवतं? कुणी काही विचारलं, कुणी चिडवलं, की म्हणायचो, “आपलं काय बुवा, आपण नायब.” त्यात माझी सुटका असायची. सगळा दिवस बर्फ उपसून आल्यावर ते म्हटलं की अंगावरचं ओझं खाली ठेवल्यासारखं वाटायचं. ते तू एशिमच्या तोंडी घातलंस. आता मालट्रकवाले खिंडीतून जाताना काच खाली करून तेच ओरडतात, भोंगा वाजवतात. शाळेतली पोरं ओरडतात. मागे दात काढायला गेलो तर तोंडात चिमटा घालून तो डॉक्टरही तेच म्हणाला. मला ते वाक्य आता बोलता येत नाही. स्वतःचंच वाक्य बोललो तर लोक म्हणतात, बघा, एशिमची नक्कल करतोय.

हेही एक वेळ सोडून दिलं असतं. पण तू विचारलंस, “त्या लग्नातून न सांगता का गेलास?” दोन वर्षांनी का होईना, विचारलंस.

तर ऐक. आयझादाच्या सासरची पंगत. मी मुलीचा मामा. मामापुढे जांबाश यायला हवं, कमरेचं मानाचं हाड. नव्या सोयऱ्यांनी माझ्यापुढे काय ठेवलं? दासीचं हाड. जे आपण पोरीबाळींच्या ताटात टाकतो, ज्याचं नावसुद्धा पाहुण्यांसमोर कुणी घेत नाही. का, तर तुझ्या मालिकेत दर मेजवानीत एशिमपुढे तेच येतं आणि लोक पोट धरून हसतात. सोयऱ्यांना वाटलं, मामा प्रसिद्ध आहे, जरा गंमत करू. नंतर त्यांनी जांबाश आणलं, खांद्यावर मानाचा चापान झगा घातला, गालाला गाल लावले, सगळं रीतसर केलं. त्यांच्यावर माझा राग नाही. नवी माणसं, त्यांना काय कळतंय.

पण हाड पुढे आलं तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं. तू तोंडावर हात ठेवला होतास आणि तुझे खांदे हलत होते. तू हसत होतीस, बुरुल.

मला ते लागलं. अजून लागतं. झालं, लिहिलं एकदाचं.

एशिमचं तुला काय करायचं ते कर. मी परत मागणार नाही.

झुमादिल

ता. क. पहिला बर्फ पडला. बर्फ ढकलायच्या ग्रेडरचं पातं मधोमध तडकलंय. नवं मागून वर्ष झालं. मागणी पोचली असं दर वेळी सांगतात.


सारी-बेल चौकी, १४ नोव्हेंबर

चि. बुरुल हिला अनेक आशीर्वाद.

ऐकलं. म्हणजे कालिमानला शेजारणीने सांगितलं आणि तिने मला. एशिम मुकादम झाला म्हणे.

चांगलं केलंस. बातमी कळल्यावर तो नट थोडा वेळ काहीच बोलला नाही, नुसता नाकाने श्वास घेत राहिला, ते फार बरं झालं. दुसरा कुणी असता तर लगेच आरडाओरडा केला असता. असं कालिमान म्हणाली.

इथे विशेष काही नाही. चार माणसं चहाला येऊन गेली. हो, एक मेंढा मारावा लागला. पायाने अधू होता, हिवाळा काढला नसताच.

कुबात साहेबांकडून अजून निरोप नाही. पण येईल. सगळे म्हणतात येईल.

तुझ्या संपादकाशी भांडावं लागलं असेल. मला न सांगता भांडलीस, ते कळलं. मारात सगळं सांगतो.

तुझा दादा


सारी-बेल चौकी, २५ नोव्हेंबर

बुरुल,

मारात खरंच सगळं सांगतो. मला तुझं सांगतो आणि तुला माझं. तो टॅक्सी कशाला चालवतो कळत नाही, त्याने तुमच्या रेडिओत नोकरी करावी. तू लिहिलंस, “चार माणसं म्हणजे किती, दादा? आणि तो मेंढा तर तुझा सगळ्यात तगडा होता ना?”

होता. आता खरं सांगतो, पण हे मालिकेत घालू नकोस.

त्या सोमवारी मी चौकीवर होतो. मंगळवारी भल्या सकाळी खालच्या आळीतली सोनुन आजी धापा टाकत आमच्या गोठ्यात शिरली. “सुयुंचू दे, कालिमान! सुयुंचू! तुझा नवरा मुकादम झाला!” आता चांगली बातमी घेऊन आलेल्याला रिकाम्या हाताने कोण पाठवतं? कालिमानने डोक्यावरचा नवा रुमाल सोडला आणि तिच्या हातात दिला. झालं. बक्षीस दिलं म्हणजे बातमी घेतली. ती परत कशी करणार? आजीने तो रुमाल बांधून गावभर मिरवला.

तू म्हणशील, रेडिओतल्या माणसाची बढती ऐकून कुणी असं करतं का? करतात. कारण इतकी वर्षं त्यांनी पाहिलंय की आधी माझ्या घरी घडतं आणि मग तुझ्या रेडिओवर येतं. माझा पाय मोडला, पुढच्या महिन्यात एशिमचा मोडला. माझी गाय नदीत गेली, मग त्याची गेली. तेव्हा लोकांनी सरळ हिशोब केला. एशिम मुकादम झाला म्हणजे झुमादिल आधीच झालाय, आणि स्वभावाप्रमाणे गप्प बसलाय. त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच धरून चाललो असतो.

कालिमाननेही तेच धरलं. दुपारी मी खाली उतरलो तर अंगणात मोटारी, घोडे. मेंढ्यावर आशीर्वादाचे शब्द म्हणून तो कापूनही झाला होता, कढईखाली जाळ होता, म्हातारे वरच्या बैठकीवर बसले होते. कालिमान दारात आली, माझी कॉलर सारखी केली आणि हळूच म्हणाली, “मला आधी सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?” तिचे डोळे सुजले होते. गोठ्यात एकटीच रडली होती, आनंदाने.

आता सांग, यानंतर मी काय बोलणार होतो?

मी चापान अंगावर घेतला. काल्पाक टोपी डोक्यावर घेतली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, इथे तर नवरा उतावळाही नव्हता, बाशिंग लोकांनीच आणून बांधलं. म्हातारे म्हणाले, “झुमादिल, आज यजमान म्हणून चुलीपाशी उभा राहू नकोस, वर ये.” वर बसलो. एकेकाने उठून चांगलं बोलून घेतलं. मागच्या हिमवादळात मी ज्याला गाडीतून ओढून काढलं होतं तो मेंढपाळही आला होता. तो बोलायला उठला आणि माझा हात धरून तसाच उभा राहिला. बुरुल, ते सगळं खोट्या बातमीवर चाललं होतं, पण बोलत होते ते खरं होतं. मला फार बरं वाटलं. लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं.

जाताना खालच्या दवाखान्यातली गुलबारा नर्स दारात थांबली. तीही लागली तेव्हापासून सहायकच आहे. डॉक्टर बदलतात, मुख्य नर्स बदलतात, ही तिथेच. म्हणाली, “दादा, तुमचं भलं झालं, मनापासून सांगते. पण एशिम होता तोवर सोमवारी आम्ही दोघं होतो. आता मी एकटीच राहिले.” हसत हसत म्हणाली. मी तिच्या हातात तळलेल्या बोरसोकची पुडी दिली.

कालिमानला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. मी चापान काढायला लागलो तर म्हणाली, “राहू दे अंगावर. थंडी आहे.” मग काही दिवसांनी चहा ओतताना म्हणाली, “मेंढा तरी चवीला बरा निघाला.” त्यावर आम्ही दोघं हसलो.

पंगतीत कुबात साहेबांचा ड्रायव्हर होता. दोनदा मागून घेऊन जेवला. म्हणजे साहेबांना कळलंच आहे. आता त्यांना मला मुकादम करावंच लागेल, नाही तर मला या गावातून तोंड लपवून जावं लागेल. मधला रस्ता उरलेला नाही.

तुझा दादा


सारी-बेल चौकी, ३० डिसेंबर

चि. बुरुल,

काल कुबात साहेब स्वतः खिंडीत आले. ओसमोनला निरोप द्यायला, घड्याळ घेऊन. ओसमोन घड्याळ घेऊन खाली गेला, साहेब मागे थांबले. बराच वेळ चुलीपाशी हात शेकत उभे होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं. चांगली बातमी सांगायला आलेला माणूस इतका वेळ हात शेकत नाही.

म्हणाले, “दादा, तुम्ही मेजवानी दिलीत असं ऐकलं.”

म्हटलं, “मी दिली नाही साहेब, ती घडली.”

“मेंढा खाऊन झाल्यावर नाही म्हणणं मलाही जड जातं. मी तुमचं नाव वर पाठवलं होतं. खरंच पाठवलं होतं. शपथ घेऊ का?”

“शपथ नको. काय झालं ते सांगा.”

“मुकादमाचं पदच काढून टाकलंय. खर्च कमी करायचा म्हणून सगळ्या खिंडींतलं. नवीन वर्षापासून चौकीवर मुकादम नाही.”

“मग चौकी कोण बघणार?”

“तुम्हीच की. नायब म्हणून.”

मी विचार केला. इतक्या वर्षांत साहेबाला उलट प्रश्न विचारायची वेळ आली नव्हती. म्हटलं, “साहेब, मुकादमच नाही, तर मी नायब कुणाचा?”

ते खरोखर विचारात पडले. माणूस वाईट नाही हे मी आधी लिहिलंच आहे. मग म्हणाले, “असं बघा, तुमच्या वर कुणीच नाही. म्हणजे इथे सगळ्यात वरचे तुम्हीच झालात.”

“मग तसं लिहून द्या.”

“लिहायला ते पद कुठंय, दादा?”

चहा निवला. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि “सोमवारी ऐकतो हं आम्ही,” असं म्हणाले. सवयीने म्हणाले असतील. मग त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं आणि ते भराभर गाडीत जाऊन बसले.

बुरुल, मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. माझ्याहून लहान माणूस माझ्यावर आणून बसवला असता तर मी सवयीने गिळलं असतं, पाचांना गिळलं तसा सहावा. त्याच्यावर चिडता आलं असतं. आता जागाच नाही. मी इतकी वर्षं ज्या दाराबाहेर उभा होतो ते दार त्यांनी भिंतीसकट काढून नेलं, आणि मला सांगतात, तू आत आहेस.

गावात अजून सांगितलेलं नाही. लोक “मुकादम, मुकादम” म्हणतात आणि मी ओ देतो. कालिमान म्हणते, “ओ द्यायला काय लागतं? काम तर तूच करतोस.” तिचं बरोबर आहे. पण प्रत्येक हाकेला आज कळेल, उद्या कळेल असं वाटत राहतं.

मालट्रकवाले आता ओरडत नाहीत. नुसते हात वर करून जातात. हे मी तुला सांगणार नव्हतो, पण मला त्या ओरडण्याची आठवण येते.

दमलोय मी. गुडघा नाही, बाकी सगळं दमलंय. लिहायचं कारण एवढंच की यात तुझी काही चूक नाही. मी म्हटलं तसं तू केलंस. तुझ्या हातात होतं तेवढं झालं.

दादा


सारी-बेल चौकी, १९ फेब्रुवारी

माझ्या बहिणीला, बुरुलला,

तुझी दोन पत्रं एकदम मिळाली. खिंड आठवडाभर बंद होती, मारात पलीकडे अडकून पडला होता. त्या आठवड्यात आम्ही चौकीवर कसे राहिलो ते विचारू नकोस. राहिलो.

पहिलं पत्र कालिमानला वाचून दाखवलं. तू पंगतीत का हसलीस ते लिहिलंयस. घाबरून हसलीस, सोयरे पाहत होते, आयझादा पाहत होती, तू हसली नसतीस तर तिथेच भांडण झालं असतं आणि पोरीचा संसार पहिल्या दिवशी नासला असता. असेलही. मला अजून लागतंच, पण आता ते जुन्या जखमेसारखं, हवा बदलली की. त्यावर आता लिहू नकोस.

दुसऱ्या पत्राचं उत्तर मात्र लगेच देतो. तू लिहितेस, “दादा, ऐकणारे कमी झाले. लोक पत्रं पाठवतात, आमचा एशिम परत द्या. संपादक म्हणतात, मार्चपासून त्याला पुन्हा खाली आण, काहीतरी चूक करायला लाव आणि नायब कर. तुझी परवानगी असल्याशिवाय करणार नाही.”

परवानगी नाही.

का ते सांगतो. जानेवारीतल्या त्या भागात एशिमने जिल्ह्याला फोन लावला होता, आठवतं? “खिंड काय तुमच्या घरची कढई आहे का, नखांनी खरवडू? पातं पाठवा, नाहीतर मी हाच फोन घेऊन राजधानीत येतो!” मुकादम झाल्यापासून त्याचा आवाजच बदललाय. तू लिहिताना पात्याबद्दलचं माझं जुनं पत्र समोर ठेवलं होतंस, हे मला लगेच कळलं. (होय, मी ऐकतो. पहिल्यापासून ऐकतो. पुरे झालं आता.) बुरुल, त्याच आठवड्यात पातं आलं. नवंकोरं, गवतात गुंडाळलेलं. सोबत दोन माणसं. त्यातला एक मला म्हणाला, “साहेबांनी सांगितलंय, पोचलं असं रेडिओला कळवा.” मी वर्षाहून जास्त मागणी करत होतो, आणि तुझा एशिम एकदा ओरडला.

नंतर आठवडाभर वादळ झालं ना, ते त्या पात्याने निभावलं. जुन्याने निभावलं नसतं. वर एक बस अडकली होती, माणसं भरलेली. ती खाली आणली. बसमध्ये कोण होतं ते लिहीत नाही, तू रडशील आणि मग मालिकेत घालशील.

वादळ ओसरल्यावर दक्षिणेकडचा एक मालट्रकवाला चौकीवर आला. संत्री सडली म्हणून भडकलेला, इथला नाही, आपली मालिका वगैरे त्याला ठाऊक नाही. टेबलावर हात आपटून म्हणाला, “मला तुझ्याशी नाही बोलायचं, म्हाताऱ्या. मुकादमाला बोलाव.”

मी म्हटलं, “मुकादम सोमवारी भेटतात.”

“कोण मुकादम?”

“एशिम.”

“मग तू कोण?”

म्हटलं, “मी त्यांचा नायब.”

हे तोंडातून निघालं आणि कितीतरी महिन्यांनी मला मोकळा श्वास घेता आला. खोटं बोललो असं वाटलंच नाही. कालिमानलाही सांगितलं. ती म्हणाली, “बरं झालं. निदान या मुकादमाला तरी चुलीत कोळसा घालायला शिकवावं लागणार नाही.” मग आम्ही गावात सांगून टाकलं, पद गेलं, मेजवानी चुकून झाली, सगळं. मला वाटलं होतं तोंड लपवावं लागेल. सोनुन आजी फक्त एवढंच म्हणाली, “रुमाल परत देणार नाही हं.”

तेव्हा एशिमला खाली आणू नकोस. साऱ्या देशातल्या खिंडींना मिळून आता तेवढा एकच मुकादम उरलाय आणि तो तुझ्या रेडिओत राहतो. तोही नायब झाला तर वर ओरडायचं कुणी?

पण ऐकणाऱ्यांचं म्हणणंही मला पटतं. गुलबारा नर्सने मला दारात जे सांगितलं ते मी तुला लिहिलं होतं. त्या बाईला सोमवारी कुणीतरी सोबत पाहिजे. अशी माणसं फार असणार, तुमच्याकडे पत्रं येतात त्यावरूनच दिसतं. म्हणून असं कर. एशिम आहे तिथेच राहू दे आणि त्याच्या हाताखाली एक नायब दे. वयस्कर, गुडघा दुखणारा, बढती न मिळणारा. त्याला हवं ते बोलायला लाव, लोकांना हवं तेवढं हसू दे. संपादकाला सांग, भावाने असं सुचवलंय.

नाव शोधत बसू नकोस. झुमादिल ठेव.

आणि त्या नायबाला पुढच्या सोमवारी एशिम मुकादमांना सांगायला लाव, की खिंडीतल्या निसरड्या रस्त्यावर टाकायची वाळू संपत आलीय, फार तर आठवडाभर पुरेल.

तुझा दादा